उष्णताप्रिय की उष्णतासह?

प्रश्न असा आहे: उकळत्या झऱ्यांत, मिठागरांत, आम्लाच्या डबक्यांत राहणाऱ्या 'एक्स्ट्रीमोफाइल' सूक्ष्मजीवांना मराठीत 'चिवट जीव' म्हणणं बरोबर आहे का? आणि परग्रहवासीयांच्या शोधाच्या बातम्यांत हे नाव सारखं येतं, तर त्यासाठी चांगला मराठी शब्द कोणता?

'चिवट' चूक आहे. 'तग धरणारे', 'हाल सोसणारे', 'भीषण परिस्थितीशी झुंजणारे' हेही चूक. दर बातमीत हीच वाक्यं वाचून मी वैतागलो आहे. अटलांटिकच्या तळाशी गरम पाण्याची धुराडी आहेत, त्यातल्या एकाच्या भिंतीत 'पायरोलोबस फ्युमारी' हा सूक्ष्मजीव सापडला. तो ११३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढतो, हे सगळे उत्साहानं सांगतात. पण तापमान ९० अंशांखाली गेलं की त्याची वाढ थांबते, हे कुणी सांगत नाही. ज्या पाण्यात आपला हात भाजून निघेल ते पाणी त्याला गारठवतं. तो काय सोसतोय?

मिठात राहणारा 'हॅलोबॅक्टेरियम' घ्या. काचपट्टीवर त्याच्या पेशी ठेवा आणि शेजारून ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब सोडा. लांबट पेशी आधी फुगून गोल होतात, मग फुटतात. त्यांचं बाहेरचं आवरण मिठामुळेच एकसंध राहतं, आणि आतली प्रथिनंही क्षाराशिवाय आपला आकार टिकवू शकत नाहीत. मीठ ही त्याची अडचण नाही, आधार आहे.

म्हणून मराठीत दोन प्रत्यय वेगळे ठेवा: '-प्रिय' आणि '-सह'. जो उष्णतेशिवाय वाढत नाही तो उष्णताप्रिय. जो उष्णतेतून नुसता निभावतो तो उष्णतासह, अग्निसह विटेसारखा. जलअस्वल ('टार्डिग्रेड') हा इवलासा आठपायी प्राणी 'सह' गटातला. तो शरीरातलं जवळजवळ सगळं पाणी काढून टाकतो, आक्रसून गोळा होतो आणि जगण्याचा व्यवहारच थांबवतो. २००७ साली अशी जलअस्वलं अवकाशाच्या निर्वातात ठेवून परत आणली, त्यातली काही जिवंत होती. पण निर्वात त्यांना प्रिय नाही. तसाच 'डायनोकॉकस रेडिओड्युरन्स'. १९५६ मध्ये तो सापडला तो किरणोत्सर्गानं निर्जंतुक करूनही नासलेल्या डबाबंद मांसात. नाव ठेवणाऱ्यानं शब्द नेमका निवडला: 'ड्युरन्स' म्हणजे टिकणारा. त्याला 'फाइल' म्हटलं नाही.

आता खरी गंमत 'फाइल'ची. ग्रीक 'फिलोस' म्हणजे प्रेम करणारा, मित्र, हे कुठल्याही कोशात मिळेल. पण होमरच्या ग्रीकमध्ये माणसाचे गुडघे 'फिलोस' असतात, काळीजही 'फिलोस' असतं. तिथे 'लाडके गुडघे' असा अर्थ लावून चालत नाही. अर्थ आहे 'आपले, स्वतःचे'. आपला 'प्रिय' बघा. 'फिलोस'चा आणि त्याचा धातू एक नाही, पण वाट तीच आहे. 'प्रिय' आणि इंग्रजीतले 'फ्रेंड' व 'फ्री' हे एका मुळाचे शब्द. 'प्रिय'चा 'फ्री', म्हणजे मोकळा, कसा झाला? जे घरचे ते प्रिय, आणि जे घरचे ते गुलाम नव्हेत, मोकळे. दोन्ही भाषांत प्रेमाच्या शब्दातून आपलेपणा डोकावतो, आणि माझं ठाम मत आहे की आपलेपणा आधीचा, प्रेम नंतरचं.

एमिल बेनव्हेनिस्त या मोठ्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये याच्या उलट मांडलं. त्याच्या मते 'फिलोस'चं मूळ यजमान आणि पाहुणा यांच्या नात्यात आहे, आणि 'स्वतःचं' हा अर्थ मागून आला. त्याच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, पण हे पटत नाही. पाहुणचारातून गुडघ्यांपर्यंत पोचायला त्याला जी ओढाताण करावी लागते, ती 'आपलं' एवढा साधा अर्थ धरला तर करावीच लागत नाही. पायरोलोबस त्या धुराड्यात पाहुणा नाही, ते त्याचं घर आहे. उष्णताप्रिय म्हणजे उष्णता ज्याची आपली आहे तो.

'सह'ही साधा नाही. वेदांत 'सह्' म्हणजे जिंकणं, नमवणं. 'सहस्' म्हणजे बळ, त्यावरून 'साहस', आणि जर्मन 'झीग', म्हणजे विजय, याच मुळाचा. धर्मशास्त्रात 'साहस' हा तर बळजबरीच्या गुन्ह्याचा शब्द आहे. जिंकण्याचं सोसणं कधी झालं, हा स्वतंत्र लेखाचा विषय.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. पृथ्वीवरून यानाला चिकटून दुसरीकडे पोचू शकतील ते 'सह' गटातले जीव. म्हणूनच २००३ साली 'गॅलिलिओ' यान गुरूमध्ये आणि २०१७ साली 'कॅसिनी' शनीमध्ये मुद्दाम पाडलं. युरोपा आणि एन्सेलॅडस या बर्फाखाली समुद्र असलेल्या चंद्रांवर इथले जंतू जाऊ नयेत, ही काळजी होती. पण तिथे कोणी राहत असेल, तर तो 'प्रिय' गटातला असणार, तिथला गारठा आणि खारटपणा त्याला प्रिय असणार.

या दोन गटांची गल्लत महागात पडू शकते. १९७६ मध्ये 'व्हायकिंग' यानांनी मंगळाच्या मातीत पाणी आणि पोषकद्रव्यं घालून जीव शोधले. कोरड्यातला जीव तहानलेलाच असणार, हा 'सोसण्या'चा हिशोब त्यामागे होता. पुढे चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या अतिकोरड्या भागात अचानक पाऊस झाला, तेव्हा तिथल्या मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव मेले, असं २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. कोरडेपणा त्यांचा आपला होता.

मूळ शब्दाकडे येतो. 'एक्स्ट्रीमोफाइल' १९७४ मध्ये लॅटिन आणि ग्रीक जोडून केला. लॅटिन 'एक्स्ट्रेमुस' म्हणजे सगळ्यात बाहेरचं, आणि तो बाहेर आपल्यापासून मोजलेला. मराठीत एकच शब्द हवा तर 'चरमप्रिय' वापरा. त्याहून बरं, काय प्रिय ते सांगा: उष्णताप्रिय, शीतप्रिय, लवणप्रिय, आम्लप्रिय. आणि 'परग्रहवासी' या यादीत आणू नका. युरोपा आणि एन्सेलॅडस हे ग्रह नाहीत, उपग्रह आहेत. 'पृथ्वीबाह्य जीव' लिहिलं की दोन्ही त्यात येतात.