‘गिफ्ट’ लिहायला मीच सांगितले होते. आता कस्टम्सला काय उत्तर देऊ?

प्रश्न: घरातल्या बंद पडलेल्या वस्तू मी स्वतःच दुरुस्त करते. टीव्हीच्या पॉवर बोर्डसाठी कपॅसिटर आणि मॉस्फेट, ड्रिलच्या बॅटरी पॅकसाठी २० सुटे लिथियम सेल आणि टाकीतली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या वायरलेस सेन्सरसाठी ९१५ मेगाहर्ट्झची दोन रेडिओ मॉड्यूल, असे सामान परदेशी विक्रेत्याकडून मागवले. कार्डाने ४,२०० रुपये भरले. ड्यूटी वाचेल म्हणून चॅटवर त्याला ‘पाकिटावर गिफ्ट लिहा, किंमत कमी टाका’ असे सांगितले. त्याने ‘गिफ्ट, ६ डॉलर’ असे लिहिले. पार्सल फॉरेन पोस्ट ऑफिसात अडवले गेले आणि १५ दिवसांत खुलासा करा, असे कस्टम्सचे पत्र आले. नातेवाईक म्हणतात, ‘मी काही मागवलेच नाही’ असे लिहून मोकळी हो. शेजाऱ्यांचे टीव्ही-मिक्सर दुरुस्त करून कधीकधी थोडे पैसेही घेते, ते अंगाशी येईल का? मला अटक होऊ शकते का?

उत्तर:

ताई, अटकेची भीती आधी काढून टाका. सीमाशुल्क कायदा, १९६२ मध्ये ड्यूटी चुकवल्याचा गुन्हा अजामीनपात्र ठरण्याची मर्यादा ५० लाख रुपयांच्या वर आहे. ४,२०० रुपयांच्या पाकिटासाठी तुमच्या दारात कोणी बेड्या घेऊन येणार नाही. पण ‘मी मागवलेच नाही’ हे जे सुचवले जात आहे, ते केलेत तर मात्र काट्याचा नायटा होईल. नाव तुमचे, पत्ता तुमचा, कार्ड तुमचे, चॅट तुमचे. कलम १०८ खालची चौकशी कायद्याने न्यायालयीन कार्यवाही मानली जाते. तिथे खोटे सांगितले तर मूळ चूक बाजूला राहते आणि खोट्या जबाबाचे वेगळे प्रकरण उभे राहते. ते चॅट पुसूनही टाकू नका. दुसरी प्रत विक्रेत्याकडे आहेच.

आता ‘गिफ्ट’बद्दल. ही युक्ती सांगणारे लोक अजून जुन्या नियमावर जगतात. पूर्वी ठरावीक किमतीपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तू ड्यूटीशिवाय येत असत. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने परकीय व्यापार महासंचालनालयाने ती वाट बंद केली. टपालाने किंवा कुरिअरने येणारा माल ‘भेट’ म्हणून सोडवून घेण्यास आता मनाई आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. म्हणजे ड्यूटी वाचवायला जो शब्द लिहून घेतलात, त्यानेच साधा ड्यूटीपात्र माल निषिद्धांच्या रांगेत नेऊन बसवला. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय!

सुदैवाने त्याच तरतुदीच्या स्पष्टीकरणात एक दार उघडे ठेवले आहे: पूर्ण ड्यूटी भरून असा माल आणता येतो. तुमच्या उत्तराचा कणा हाच असायला हवा. ही भेट नाही, ही विकत घेतलेली वस्तू आहे, खरी किंमत अमुक, पुरावा सोबत, आणि तिच्यावरची ड्यूटी मी भरते. वैयक्तिक वापरासाठी टपालाने येणाऱ्या मालाला सीमाशुल्क दरपत्रकात ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. प्रत्येक कपॅसिटरचा वेगळा दर शोधत बसावे लागत नाही. दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून तो अधिकाऱ्यालाच लावू द्या. एरवी ड्यूटीची रक्कम १०० रुपये किंवा त्याहून कमी निघाली, तर कायद्यानेच ती वसूल केली जात नाही. कित्येक छोटी पाकिटे बिनबोभाट घरी येतात ती यामुळे, आणि मग लोकांना वाटते की ‘गिफ्ट’ लिहिल्याने आली.

पाकिटातल्या तिन्ही वस्तूंना एकाच माळेत ओवू नका. तुमचे उत्तर बरोबर लागेल की चुकेल, ते इथे ठरेल.

कपॅसिटर आणि मॉस्फेट निरुपद्रवी आहेत. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा जो २०२१ चा आदेश आहे, त्याच्या यादीत हे सुटे घटक नाहीत. ते मिळण्याची आशा धरायला हरकत नाही.

लिथियम सेल त्या यादीत आहेत. त्यांना आयएस १६०४६ हे मानक लागू आहे आणि सेलवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व आर-अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. या आदेशात फक्त विक्रीवर नाही, आयातीवरही बंदी आहे, त्यामुळे ‘मी विकणार थोडीच होते’ हा बचाव इथे लंगडा पडतो. शिवाय सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि टपालातही सुटे सेल चालत नाहीत. विक्रेत्याने ते ‘भेटवस्तू’च्या पाकिटात दडवून पाठवले, म्हणजे धोका विमानातल्यांच्या डोक्यावर ठेवला. ही बाब मी किरकोळ समजत नाही. अधिकारीही समजणार नाही.

रेडिओ मॉड्यूल सर्वांत अवघड. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. ९१५ चे मॉड्यूल ९०२ ते ९२८ या अमेरिकी पट्ट्यासाठी बनवलेले असते. भारतात ८९० ते ९१५ हा मोबाइल सेवेचा पट्टा आहे. विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगण्यावर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बंदी आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही अशा उपकरणासाठी अधिकृत परवानगीची अट आहे. परवानामुक्त पट्ट्यातल्या उपकरणालाही आयातीसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. ही दोन मॉड्यूल सोडवायला धडपडू नका. टाकीच्या सेन्सरसाठी ती मिळाली असती तरी वापरायची नव्हती.

मग नको असलेल्या वस्तूंवर सरळ पाणी सोडावे का? कलम २३ खाली मालावरचा हक्क सोडता येतो आणि मग ड्यूटी लागत नाही. मात्र ज्या मालाबाबत गुन्हा घडल्याचे दिसते, त्यावरचा हक्क असा सोडता येत नाही. तुमच्या सेल आणि मॉड्यूलबाबत अधिकारी हाच मुद्दा काढेल. म्हणून ‘हक्क सोडते’ याच्या जोडीला ‘तसे करता येत नसल्यास या दोन वस्तूंच्या जप्तीला माझी हरकत नाही’ हेही लिहा.

शेजाऱ्यांच्या पैशांचा मुद्दा तुम्ही स्वतःहून सांगितलात, ते बरे झाले. आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, वैयक्तिक वापरासाठी लागत नाही. पण ही सूट व्यापार, उत्पादन किंवा शेतीशी संबंध नसलेल्या वैयक्तिक आयातीपुरती आहे. शेजाऱ्याच्या टीव्हीत पैसे घेऊन बसवायला मागवलेला सुटा भाग तुमचा ‘वैयक्तिक वापर’ राहत नाही, रक्कम कितीही छोटी असो. हे पार्सल तुमच्याच टीव्ही, ड्रिल आणि टाकीसाठी असेल तर तसे लिहा, त्या वस्तूंचे आणि उघडलेल्या बोर्डांचे फोटो जोडा. नसेल तर ‘वैयक्तिक’ हा शब्दच लिहू नका आणि उत्तर देण्यापूर्वी वकिलाला प्रत्यक्ष भेटा. एक बारीक गोष्ट: हे कपॅसिटर बहुतेक वेळा ५०-१०० च्या पुडीतच विकले जातात. अधिकाऱ्याला मात्र पाकिटात दुकानाचा साठा दिसतो. विक्रेत्याच्या पानावर सर्वांत लहान पुडी केवढी आहे, त्याचा स्क्रीनशॉट लावा. पानभर युक्तिवादापेक्षा तो जास्त काम करेल.

आता जास्तीत जास्त काय होऊ शकते? चुकीच्या घोषणेसाठी कलम ११२ खाली दंड आहे. निषिद्ध मालासाठी मालाची किंमत किंवा ५,००० रुपये, यातली जी रक्कम मोठी ती कमाल मर्यादा. निषिद्ध नसलेल्या ड्यूटीपात्र मालासाठी चुकवू पाहिलेल्या ड्यूटीच्या १० टक्के किंवा ५,००० रुपये, यातली मोठी. तुमच्या बाबतीत दोन्हीकडून आकडा ५,००० वरच येतो. तो कमाल आहे. अधिकारी त्याहून कमीही लावू शकतो. मला काळजी आहे ती कलम ११४-एएची. जाणूनबुजून खोटी घोषणा करणाऱ्यालाच नव्हे, ती करवून घेणाऱ्यालाही ते लागू होते, आणि दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जातो. तुमच्या मालावर २१,००० रुपयांपर्यंत. तुमचे चॅटवरचे वाक्य नेमके ‘करवून घेणे’ आहे. म्हणून चुकीची दुरुस्ती विचारण्याआधी, तुमच्याकडून, लेखी गेलेली बरी. अशी कबुली दिली की दंड माफ होतो असे कायद्यात कुठेही नाही, पण दंड किती लावायचा हे ठरवताना अधिकारी हेतू आणि वागणूक पाहतोच.

पत्राचे उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत द्या. मजकूर साधारण असा असावा:

‘संदर्भातील पार्सल मी मोबदला देऊन मागवले आहे. ते भेट नाही. मी भरलेली रक्कम ४,२०० रुपये असून ऑर्डरची प्रत व कार्डाचे स्टेटमेंट सोबत जोडले आहे. पाकिटावरील घोषणा चुकीची आहे. नियमाची माहिती नसताना मी विक्रेत्याला तसे लिहिण्यास सांगितले, याबद्दल दिलगीर आहे. कपॅसिटर व मॉस्फेट खऱ्या किमतीवर आकारणी करून, ड्यूटी भरून घेऊन सोडावेत. लिथियम सेल व रेडिओ मॉड्यूल यांवरील हक्क मी सोडते. तसे करता येत नसल्यास त्यांच्या जप्तीस माझी हरकत नाही. दंडाबाबत निर्णय घेण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे.’

‘मला सांगण्यात आले होते’, ‘गैरसमजातून’ असली वाक्ये वाढवू नका. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती सांभाळा.

यानंतर माल जप्त करायचा असेल तर कलम १२४ प्रमाणे कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे मांडायची संधीही. तुमच्या विनंतीवरून हे तोंडी उरकता येते, आणि बहुधा तसा छापील अर्ज तुमच्यापुढे सरकवला जाईल. एवढ्या छोट्या रकमेत सही करायला माझी हरकत नाही, पण दंडाचा अंदाजे आकडा विचारूनच करा. कपॅसिटर जप्त झाले तरी ते निषिद्ध नाहीत. असा माल जप्तीऐवजी दंड भरून सोडवण्याचा पर्याय कलम १२५ खाली अधिकाऱ्याला द्यावाच लागतो. निषिद्ध मालाबाबत मात्र ते त्याच्या मर्जीवर असते. तो दंड भरायला १२० दिवस मिळतात. आदेश पटला नाही तर ६० दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येते. तुमच्या प्रकरणात ते करण्यात मला अर्थ दिसत नाही. माझीच फी मालाहून जास्त होईल.

या काळात कोणी ‘कस्टम्समधून बोलतोय, पार्सल सोडवायला यूपीआयवर पैसे टाका’ असा फोन केला तर ठेवून द्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. टपालाने आलेल्या मालाची ड्यूटी पोस्टात पावतीवर भरतात. कोणाच्या खासगी खात्यात नाही. हातात असलेले पत्र खरे आहे का, हे त्यावरचा डीआयएन, म्हणजे पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून आजच तपासा.

राहिले ४,२०० रुपये. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल देऊ करणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू आहेत. त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कागदावर हे सगळे तुमच्या बाजूने आहे. प्रत्यक्षात परदेशातल्या विक्रेत्यावर आदेश बजावता बजावता तुमचा ड्रिल गंजून जाईल. त्याहून मोठी अडचण म्हणजे खोटी घोषणा तुमच्याच सांगण्यावरून झाली. बँकेकडे ‘वस्तू मिळालीच नाही’ म्हणून कार्डाचा व्यवहार उलटवायला निघालात, तर विक्रेता पुराव्यादाखल पहिल्यांदा तेच चॅट लावेल. मी तुमच्या जागी असतो तर एवढेच मागितले असते: सेल पाठवणेच नियमबाह्य होते, म्हणून फक्त सेलची रक्कम परत द्या. बाकीचे सोडून दिले असते.

आता ते पत्र पुन्हा एकदा वाचा आणि त्यात कोणते कलम आहे ते पाहा. कोणतेच नसेल किंवा नुसता खुलासा मागितला असेल, तर वरचा मसुदा पुरेसा आहे. १०८ असेल तर ते समन्स आहे: दिलेल्या तारखेला स्वतः हजर राहा, मूळ कागद न्या आणि जबाबावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा. १२४ असेल तर उत्तर पाठवण्याआधी एकदा मसुदा वकिलाच्या नजरेखालून घाला, कारण तिथे लिहिलेले प्रत्येक वाक्य पुढच्या आदेशात जसेच्या तसे उतरते.