क्रूझचं टोकन भरण्याआधी: फोंड्याच्या एका जोडप्याचा प्रश्न

गोव्यातल्या फोंड्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. जानेवारीअखेर लग्न, फेब्रुवारीत मधुचंद्र. त्या उच्च माध्यमिक विद्यालयात शिक्षिका, होणारे यजमान वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८२,००० रुपये. लग्नाचा सगळा खर्च उरकल्यावर दोघांच्या खात्यांत ३,४०,००० शिल्लक राहतील. पर्याय दोन आहेत. एक, मुंबई-गोवा-लक्षद्वीप-मुंबई अशी पाच रात्रींची क्रूझ, बाल्कनीची खोली, दोघांचे १,९२,०००. दोन, स्वतः तिकिटं काढून मालदीवला जायचं. यजमानांनी त्याचा हिशोब २,१०,००० काढलाय आणि त्यातले एक लाख कर्ज काढून भागवू म्हणतायत. क्रूझच्या एजंटला रविवारपर्यंत २०,००० टोकन हवंय. पत्रात एक वाक्य आहे: "सासरी आम्ही अकरा माणसं राहणार. पाच-सहा दिवस तरी फक्त आम्ही दोघंच असावं, एवढंच वाटतं."

नमस्कार. तुमच्या पत्रातले सगळे आकडे वाचले, पण माझा निर्णय त्या शेवटच्या वाक्यावरच ठरला. क्रूझ घेऊ नका. मालदीवला जा, मात्र यजमानांनी आखलंय तसं नाही, आणि कर्ज काढून तर अजिबात नाही.

आधी तुमच्या ऐपतीचा आकडा पक्का करू. एजंटनं सांगितलेल्या किमतीवरून मागे हिशोब करत आलं की माणूस हमखास फसतो. घरखर्चातला तुमचा वाटा महिना ४५,००० पडेल असं तुम्ही लिहिलंय. तीन महिन्यांचे १,३५,००० बाजूला राहिलेच पाहिजेत, त्यांना हात लावायचा नाही. सासऱ्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता मार्चमध्ये येतोय, त्याचे २८,००० वेगळे. उरले १,७७,०००. म्हणजे प्रवासाची कमाल मर्यादा पावणेदोन लाख. लग्नात आहेर किती येईल याचा अंदाज त्यात मी मुद्दाम धरलेला नाही.

आता क्रूझ. तिच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एकदा पैसे भरले की जेवणखाण आणि मुक्काम मिटतो, शाकाहारी जेवणाची काळजी नाही, व्हिसा नाही, लक्षद्वीपला लागणारं परमिटही सहसा क्रूझवालेच काढून देतात. साठी उलटलेल्या आईवडिलांना पाठवायचं असतं तर मी आनंदानं हो म्हटलं असतं.

पण तुम्ही पाठवलेलं कार्यक्रमपत्रक दिवसागणिक वाचून बघा. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुंबईहून निघायचं. दुसऱ्या दिवशी जहाज मुरगाव बंदरात. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर येण्यासाठी तुम्ही एका दिवसाचं भाडं भरणार. तिसरा दिवस समुद्रात, चौथा लक्षद्वीपचा, पाचवा पुन्हा समुद्रात, सहाव्या दिवशी सकाळी मुंबई. पाच रात्रींत बेटावर पाय लागणार तो एक दिवस, तोही काही तासांपुरता. तिथले लगून, म्हणजे प्रवाळरांगांनी वेढलेलं बेटाभोवतीचं पाणी, उथळ, त्यामुळे मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि प्रवाशांना लहान होड्यांतून नेतात. त्या दिवशी समुद्र खवळला तर उतरणं रद्द होऊ शकतं आणि अशा वेळी कार्यक्रम बदलायचा हक्क कंपनीनं अटींमध्ये राखून ठेवलेला असतो. फेब्रुवारीत ही शक्यता कमी, पण धोका पूर्णपणे तुमचा.

पैशांचं म्हणाल तर कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत "पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी व जीएसटी वेगळे" असं लिहिलंय. ग्रॅच्युइटी म्हणजे इथं जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची बक्षिसी. फोंड्याहून मुंबईला जाऊन-येऊन आणि जहाजाआधीची एक रात्र हॉटेलात, याचे १५,००० धरा. २,०७,००० इथंच झाले, आणि ते तिन्ही वेगळे आकडे अजून मिळवायचेच आहेत. वायफाय, बेटावरच्या सहली हे त्याहून वेगळं. शिवाय अकरा माणसांतून सुटका हवी म्हणून हजारभर प्रवाशांच्या जहाजावर जायचं, हे मला पटत नाही. अशा प्रवासात तुमचा मुख्य पैसा जहाजावर खर्च होतो. ज्याला जहाजच अनुभवायचं आहे त्याला ते वाजवी आहे. तुम्हाला बेट आणि एकांत हवाय.

आता मालदीव. यजमानांचा तक्ता नीटनेटका आहे: विमानाची तिकिटं ७०,०००, स्थानिक (लोकवस्तीच्या) बेटावरच्या गेस्टहाऊसमध्ये चार रात्री कर धरून ३२,०००, रिसॉर्टमध्ये दोन रात्री ७८,०००, बोटी आणि जेवण ३०,०००. बेरीज बरोबर आहे, पण रिसॉर्टच्या दराशेजारी दोन अधिक चिन्हं आहेत, ती त्यांच्या नजरेतून सुटली. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे. सेवाशुल्क १० टक्के, त्यावर पर्यटन जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. म्हणजे १०० डॉलरच्या खोलीचे आधी ११० होतात आणि मग १२८ डॉलर ७० सेंट. ७८,००० चे एक लाखावर गेले. त्याशिवाय ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांकडून घेतला जाणारा पर्यावरण कर. जानेवारी २०२५ पासून तो रिसॉर्टवर माणशी दर दिवसाला १२ डॉलर आणि लहान गेस्टहाऊसमध्ये ६ डॉलर आहे. तुमच्या सहा रात्रींचा मिळून ९६ डॉलर होतो. डॉलर ९० रुपये धरला तर ८,६४०. सगळं जमेला धरलं की २,१०,००० चा हा बेत २,४१,००० वर जातो, आणि ही रिसॉर्टमधल्या जेवणाच्या बिलाआधीची गोष्ट. तिथंही हाच कर आणि हेच सेवाशुल्क.

म्हणून रिसॉर्टचा मुक्काम काढून टाका. पाच रात्री गेस्टहाऊसमध्ये राहा आणि एक अख्खा दिवस डे-पासवर रिसॉर्टला जा. माफुशीसारख्या स्थानिक बेटांवरून अशा दिवसभराच्या सहली निघतात. सकाळी बोटीनं नेतात, जेवण आणि किनारा तुमचा, संध्याकाळी परत. हिशोब असा: तिकिटं ७०,०००, पाच रात्री ४०,०००, बोटी आणि जेवण ३०,०००, डे-पासला दोघांचे २०,००० राखून ठेवा, ग्रीन टॅक्स ५,४००, प्रवास विम्याला अडीच-तीन हजार. एक लाख अडुसष्ट हजारांच्या आसपास सगळं बसतं, आणि वर थोडं उरतंही. स्थानिक बेटांवर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा भाग राखलेला असतो, हे आधी माहीत असू द्या. तुमच्या पत्रावरून दोघांनाही त्याची अडचण दिसत नाही.

विम्यात कंजुषी नको. ही बेटं राजधानी मालेपासून दूर, मोठं इस्पितळ मालेतच. तिथं बोटीनं किंवा विमानानं हलवावं लागलं तर तो खर्च पॉलिसीत धरलाय ना, स्नॉर्कलिंग आणि स्कूबा धरलंय ना, हे स्वतः वाचा. तिकिटं काढताना माले विमानतळावर दुपारनंतर उतरू नका. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, आणि उशिरा पोचलात तर बोटही चुकू शकते. मग विमानतळाजवळ एक रात्र नाहक विकत घ्यावी लागते. गोव्याहून मुंबई, बंगळूरु किंवा कोची मार्गे जाताना दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील असं बघा, म्हणजे पहिलं लांबलं तरी पुढची जबाबदारी विमान कंपनीची राहते.

एखाद्या एजंटकडून परदेशाचं पूर्ण पॅकेज घेतलंत तर तो वर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ प्राप्तिकर, घेईल. तो बुडत नाही, प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते. स्वतः तिकीट आणि खोली वेगवेगळी काढलीत की हा प्रश्न येत नाही. क्रेडिट कार्डानं डॉलरमध्ये पैसे दिले तर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा लावते, म्हणून फॉरेक्स कार्डाचा (परकी चलन आधीच भरून घ्यायच्या कार्डाचा) दर आधी विचारून घ्या.

राहिलं कर्ज. एक लाख, १४ टक्के व्याज, दोन वर्षं: महिन्याला साधारण ४,८०० हप्ता, व्याजापोटी पंधरा हजारांवर. रक्कम फार मोठी नाही हे मान्य. मला खटकतं ते वेगळंच. संसाराची पहिली चोवीस महिन्यांची बांधिलकी संपून गेलेल्या सहा दिवसांसाठी असेल. गोव्यात लग्नाची नोंदणी होते तेव्हा आधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा "कर्ज माझ्या नावावर, तुला झळ नाही" असं यजमान प्रेमानं म्हणत असले तरी हप्ता दोघांच्या पगारातूनच जाणार. एजंटच्या "नो-कॉस्ट ईएमआय"वरही जाऊ नका. व्याज नाही म्हणतात ती सवलत किमतीतच धरलेली असू शकते, आणि प्रोसेसिंग फी व व्याजाच्या भागावरचा जीएसटी बहुधा तुमच्याच माथी येतो.

मालदीवच्या तिकिटांचे दर फारच चढले तर लक्षद्वीपलाच विमानानं जाण्याचा विचार करा. गोव्याच्या मोपा विमानतळावरून लक्षद्वीपच्या अगात्ती बेटाला २०२४ मध्ये विमानसेवा सुरू झाली. परमिट तुम्हाला काढावं लागेल आणि राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, म्हणून खोली पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका. पण चार रात्री बेटावरच झोपाल, आणि खर्चही पावणेदोन लाखांच्या आत राहावा.

रविवारी टोकन देऊ नका. एजंटनं फार आग्रह धरला तर दोन गोष्टी लेखी मागा: सगळे कर आणि शुल्कं धरून अंतिम रक्कम, आणि निघण्याच्या किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे परत. शक्य असेल तर यजमानांना हा सगळा हिशोब कागदावर मांडून समोर बसूनच दाखवा. रिसॉर्टच्या दोन रात्री सोडायला त्यांना जड जाईल, कारण त्या तुमच्यासाठीच आखल्यात हे तक्त्यावरून कळतं. आणि तिकिटं पासपोर्टवर आज जे नाव आहे त्याच नावानं काढा. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर पासपोर्टवरचं नाव बदलायचा अर्ज सहलीहून परतल्यावर करा.