पूजेची पंगत आणि बोनसचे पाकीट

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यात आमची जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना आहे. हंगामात रेच्यावरच्या (सरकी काढण्याच्या यंत्रावरच्या) बाया, हमाल, फिटर, दिवाणजी असे सत्तर-ऐंशी जण कामावर असतात. वडिलांच्या काळापासून दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, नंतर सर्वांची एकत्र पंगत बसते आणि तेथेच बोनसची पाकिटे दिली जातात. गेल्या दसऱ्याला बरेच जण आले नाहीत. आम्ही कोणाशीही भेदभाव करीत नाही, तरी असे का व्हावे? — एक जिनिंगमालक

उत्तर : न आलेले कामगार त्या दिवशी कोठे होते, याची चौकशी आपण केलेली दिसत नाही, ती आधी करावी. आपल्या भागातील बौद्ध कुटुंबांसाठी दसरा हा धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्या वेळच्या 22 प्रतिज्ञांमध्ये हिंदू देवदेवतांची पूजा न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. त्यामुळे त्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलेला कामगार आपला सण पाळत असतो, आणि त्याच वेळी कारखान्यात त्याच्या नावाचे पाकीट पूजेच्या पंगतीत ठेवलेले असते. त्याने काय करावे, अशी आपली अपेक्षा आहे?

माझ्या मते खरी अडचण या पाकिटातच आहे. बोनस हा कायद्याने ठरवून दिलेला हक्क आहे. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि हिशेबाच्या वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या कामगाराला, तो हंगामी असला तरी, किमान 8.33 टक्के बोनस द्यावाच लागतो. जे देणे आहे ते आनंदाच्या प्रसंगी हातात ठेवले की ते मालकाची कृपा वाटू लागते आणि पूजेला येणे ही त्या कृपेची अट वाटू लागते. आपण तसे कधी बोललेला नसलात तरीही. म्हणून बोनस दसऱ्याच्या आधी, हजेरीपटाप्रमाणे, बँक खात्यात जमा करावा आणि पूजेला ज्याला यायचे त्याने यावे, हे मुकादमाकरवी न सांगता आपण स्वतः सांगावे. मुकादमाच्या तोंडून आलेले ‘ज्याची मर्जी’ हे शब्द हमालाला हुकमासारखेच ऐकू येतात.

रोजीचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. पूजेसाठी यंत्रे बंद राहिली आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली, तर आपल्या समारंभाचा खर्च रोजंदारीवरची बाई भरते. त्या दिवसाची मजुरी सर्वांना द्यावी, नागपूरला जाणाऱ्यांनाही. तसेच 14 एप्रिल आणि ईद या दिवसांसाठी कोणाला सुटी लागेल, हे हंगामाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावे. ईदची तारीख चंद्रावर अवलंबून असते, म्हणून एक दिवस मागेपुढे धरावा.

पंगत दुपारी ठेवावी. रात्रीचा कार्यक्रम असेल तर शेवटची एसटी निघून जाते आणि खेड्यावरच्या बायांना घरी पोहोचण्याची धास्ती असते. आपण गाडी देणार असाल तर लक्षात असू द्यावे की, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मालकाने पुरविलेल्या वाहनालाही लागू होतो, आणि त्याचे संरक्षण ठेकेदाराकडून आलेल्या व रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे; आपल्याकडे ती नसेल तर दसऱ्याची वाट न पाहता नेमावी. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहेच, पण कार्यक्रम संपल्यावर प्रेसच्या मागे काय चालते याचीही जबाबदारी मालकाचीच आहे. दिवे आणि उदबत्त्या कापसाच्या गंज्यांपासून दूर, कचेरीच्या अंगणात लावाव्यात. फटाके आवारात अजिबात नकोत.

मिठाईबद्दल एवढेच सांगतो की, दिवाणजींना डबा आणि हमालांना कागदाची पुडी हा फरक सर्वांना दिसतो आणि तो वर्षभर लक्षात राहतो.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात मी पापड-मसाल्यांचा छोटा उद्योग चालविते. संक्रांतीला आम्ही हळदी-कुंकू करतो. तेवढ्या वेळेत काही विधवा भगिनी गोदामात पाकिटे मोजायला जातात. त्यांना आग्रहाने बोलवावे का? — एक उद्योजिका

उत्तर : त्या स्वतःहून जातात असे वाटत असले तरी, आपला मान तेथे नाही हे त्यांनी गावात अनेकदा अनुभवलेले असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी इतक्या घरांतला कर्ता माणूस गेला, तेथे ही गोष्ट अधिकच मनाला लावून घ्यायला हवी.

मात्र भर समारंभात एखाद्या भगिनीला पुढे ओढून कुंकू लावणे म्हणजे तिला सर्वांसमोर उभे करणे होय. त्याऐवजी समारंभाचे स्वरूप बदलावे. सर्वांसाठी तीळगूळ आणि वाण असावे, आणि कुंकवाचे तबक बाजूला ठेवून ज्या स्त्रीला लावायचे तिने आपल्या हाताने लावावे. आपल्याकडे मुस्लिम वा ख्रिस्ती भगिनी असतील तर त्यांनाही यात अवघडल्यासारखे होणार नाही. वाण हजेरीपटावरील संख्येइतके आणि एकाच प्रकारचे आणावे, वाटप नावे वाचून करावे, आणि त्या दिवशी पाकिटे मोजण्याचे काम कोणालाही देऊ नये.