ईमेल पत्ता मिळाला म्हणून लगेच मेल टाकू नकोस

भरतीसाठी उमेदवारांचे ईमेल, फोन नंबर शोधून देणारं हंटर, लुशासारखं एक्स्टेंशन क्रोममध्ये टाकलंस, बरं केलंस. पण फुकटची क्रेडिट्स, म्हणजे शोधायच्या संधी, मोजकीच असतात, दिसेल त्या प्रोफाइलवर उडवू नकोस. हंटर कंपनीच्या डोमेनवरून ईमेलचा साचा (नाव.आडनाव@कंपनी असा) ओळखतं. पत्ता साच्यात बरोबर बसतो, माणूस मात्र कधी कधी केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. पत्ता अजून चालू आहे का, ते आधी व्हेरिफाय कर. लिंक्डइनवरची माहिती ओढणारी एक्स्टेंशन्स त्यांच्या नियमात बसत नाहीत, अकाउंट बंद होऊ शकतं.

आणि उमेदवाराच्या ऑफिसच्या ईमेलवर नोकरीचं कधीच लिहू नकोस! वाळूज एमआयडीसीतल्या एका क्वालिटी इंजिनिअरला मी तसं लिहिलं, मेल त्याच्या साहेबांनी वाचला. अजून मनाला लागतं. शेंद्रा एमआयडीसीतला टूलरूमचा फिटर या एक्स्टेंशन्समध्ये सापडायचाच नाही, त्यासाठी आयटीआयच्या सरांना गाठ. ‘नंबर कुठून मिळाला?’ असं उमेदवारानं विचारलं, तर खरं सांग.