घरात पुस्तकं भरून ठेवली की मुलं वाचायला लागतात का?

तुमची मुलगी तिसरीत, खेड्यात राहता, आणि विचारता की घरात किती पुस्तकं आणून ठेवली म्हणजे ती वाचेल. आकडा मला विचारू नका. माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे नागपूरला काचेचं कपाट भरून पुस्तकं आहेत. कपाटाला कुलूप. का, तर पोरांचे हात खराब असतात.

आमचं गाव हिंगणघाटच्या पुढे. पुस्तकाचं दुकान तालुक्यालाच, तिथंही गाईडंच जास्त. म्हणून छापलेलं जे हाती येईल ते मी ठेवत गेले. किराण्याच्या पुड्यांचे कागद, बियाण्याच्या पिशव्या, लग्नपत्रिका. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर पेपर अंथरलेले. पोरगा बातमी वाचत डब्यापर्यंत यायचा आणि पुढचं वाचायला तुरीच्या डाळीचा डबा सरकवायचा. दोनदा सांडली. जाऊबाई म्हणाल्या, रद्दीवाल्याचं घर झालंय. मामाजींचंही, म्हणजे माझ्या सासऱ्यांचंही, तेच, "काहून जमवता हा कचरा?"

मग २०१७ चा हंगाम आला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावत होती, आणि आमचे मामाजी उघड्या तोंडानं पंप घेऊन निघालेले. त्यांना कोण सांगणार? पोरगा तेव्हा तिसरीतच. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद घेऊन ओसरीत मोठ्यानं वाचत बसला होता, मुंगीएवढी अक्षरं. हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. एका शब्दापाशी अडला.

"आबाजी, प्रतिविष म्हंजे काय?"

मामाजींनी पंप खाली ठेवला. "पुढं काय लिवलं?"

पुढं लिहिलं होतं, उपलब्ध नाही.

फवारणी त्यांनी केलीच, पण तोंडाला दुपट्टा आणि हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. (डब्यावरचा त्रिकोणही बघत जा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.) माळ्यावरची रद्दी विकायचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही.

तर पुस्तकं घ्या, पण खाली ठेवा, हाताला येतील अशी. फाटली तर फाटू द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट आहेत. चार पानांची प्रिंट काढून चुलीपासून लांब भिंतीला चिकटवा.

हां, औषधाचा डबा पोरांच्या हाती देऊ नका, आणि कागदाला औषध लागलं असेल तर तोही नको. शिवाय याच घरात वाढलेली माझी धाकटी काही म्हणता काही वाचत नाही, तिचा सगळा जीव बकऱ्यांत. तेव्हा खात्री मी देत नाही.

जाऊबाईंच्या कपाटाची किल्ली हरवलीय म्हणे. चार वर्षं झाली.