द्राक्षांचा ‘घड’, मेथीची ‘जुडी’ आणि आंब्यांची ‘अढी’: सगळ्यांना नुसतं ‘ढीग’ का म्हणत नाहीत?

कारण हे शब्द किती वस्तू आहेत ते सांगत नाहीत, त्या एकत्र कशा आल्या ते सांगतात. नाशिकच्या बाजारात हे समोरच दिसतं. देठाला धरून एकत्र वाढलेला तो घड. त्यातून गळून क्रेटच्या तळाशी साचले की ते सुटे मणी, मग भावही उतरतो. द्राक्षं तीच, पण घड मोडला. मेथी, कोथिंबीर हाताने बांधतात म्हणून जुडी. अढीत तर हेतूच आला: गवतात आंबे पिकायला घातले तरच अढी, हातगाडीवर रचले की ढीग. माणसांचंही तेच. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते ती दिंडी, सीबीएस बसस्थानकावर बससाठी ताटकळते ती गर्दी. व्याकरणात समूह एकच धरला जातो: ‘मणी गळाले’, पण ‘घड पडला’. मात्र शाळेच्या पुस्तकातल्या जोड्या काही कायदा नाहीत. केळ्यांच्या घडाला कुणी लोंगर म्हणतं, त्यातल्या एका पदराला फणी. किल्ल्यांचा ‘जुडगा’ तर परीक्षेच्या पेपरात लिहिण्यापुरताच; घरी आपण ‘किल्ल्या कुठायत?’ असंच विचारतो.