घाईने प्लग लावू नका : जुन्या मिनीकॉम्प्युटरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या मिनीकॉम्प्युटरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, ज्यातून बाकीच्यांचंही काम होईल असे चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : एका लॅबच्या स्टोअरमधून पीडीपी-८/ई (डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा जुना मिनीकॉम्प्युटर) मिळालाय, निदान तीस वर्षं कोणी हात लावलेला नाही. मित्र म्हणतो एकदा ऑन करून बघ, जे जळेल ते बदलू. करू का?

नका हो, अजिबात नका. जे जळेल ते बदलू हे म्हणायला सोपं आहे, पण या मशीनमध्ये जळतं ते नेमकं जे मिळत नाही तेच. पॉवर सप्लायमधला रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असला तर ५ व्होल्टची लाइन वर चढते, आणि बोर्डावरच्या टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या लॉजिक) चिप ७ व्होल्टच्या वर टिकतच नाहीत, म्हणजे एका क्षणात शेकडो चिप जातात आणि मग कुठली मेली कुठली वाचली हे शोधण्यात वर्ष जातं.

आधी फोटो काढा, कुठला बोर्ड कुठल्या स्लॉटमध्ये, वरचे जोडणारे कनेक्टर कसे बसलेत, सगळं. मग सगळेच्या सगळे बोर्ड बाहेर. आता फक्त पॉवर सप्लाय उरला. ट्रान्सफॉर्मरची जोडणी ११५ व्होल्टची आहे की २३० ची ते बघा, कारण ही मशीन दोन्ही प्रकारे जोडता यायची आणि आधीच्या मालकाने काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही. मोठे कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, आणि मेनचं काम कधी केलं नसेल तर ते ज्याला येतं अशा माणसाला शेजारी बसवूनच करा. मग एकेक कपॅसिटर सोडवून, सिरीजमध्ये मोठा रेझिस्टर टाकून बेंच सप्लायने व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या आणि लीकेज करंट (कपॅसिटरमधून झिरपणारा करंट) उतरतोय का बघत बसा. तासन् तास लागतात, लागू देत. उतरतच नसेल तर तो कपॅसिटर गेला, बदला.

मग लोड म्हणून गाडीचे दिवे किंवा जाड वायरवाउंड रेझिस्टर लावून ५, १५ आणि उणे १५ व्होल्ट मोजा. नुसता मल्टिमीटर पुरत नाही, ऑसिलोस्कोप लावून रिपल बघा, कारण मीटर ५.० दाखवत असतो आणि आत लाइन खालीवर नाचत असते. सगळं एक-दोन तास स्थिर राहिलं की मगच बोर्ड, तेही मोजके.

अजून एक, आतला फोम. कव्हरला आणि डिस्क ड्राइव्हला लावलेला तो फोम एवढ्या वर्षांत भुसा होतो नाहीतर डांबरासारखा चिकट होतो. सोबत आरके०५ ड्राइव्ह असेल तर तो फोम काढून, फिल्टर बदलून, आतली निकेल-कॅडमियम बॅटरी गळलीय का ते बघितल्याशिवाय फिरवूच नका. १४ इंची तबकडी मिनिटाला १५०० फेरे घेते आणि हेड तिच्यावर हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतं, फोमचा एक कण मध्ये आला तर हेडही गेलं आणि त्यावरचा डेटाही.

प्रश्न : पॉवर ठीक आहे, पॅनलचे दिवे लागतात. स्विचने आकडे टाकतो, पण काही पत्त्यांवर परत वाचलं की शून्यच येतं. कोअर मेमरी गेली असं समजू का?

एवढ्यात समजू नका, माझंही अगदी हेच झालं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोअर मेमरीत प्रत्येक बिटला फेराइटची एक बारीक कडी असते, ४०९६ शब्द (एका पत्त्यावर एक, १२ बिटची संख्या) गुणिले १२ बिट म्हणजे ४९,१५२ कड्या. प्रत्येक बिटची ६४ आडव्या आणि ६४ उभ्या तारांची जाळी, त्याच तारा बाराही बिटमधून जातात, दोन्ही तारांतून अर्धा-अर्धा करंट गेला की जिथे त्या एकमेकींना छेदतात तीच कडी पलटते. वाचताना कडी शून्य होऊन जाते, म्हणून मशीन लगेच तेच परत लिहून ठेवतं, आणि जिथे शून्य ठेवायचंय तिथे इनहिबिट करंट देऊन १ लिहू देत नाही. एवढं डोक्यात बसलं की बिघाड स्वतःच बोलायला लागतो. एकच बिट सगळ्या पत्त्यांवर कायम १ येतोय, तर आधी संशय त्या बिटच्या इनहिबिट ड्रायव्हरवर. कायम ० येतोय, तर सेन्स अँप्लिफायरवर (वाचताना येणारा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग). पण ठराविक पत्त्यांवरच सगळे बिट शून्य होत असतील तर प्रकरण वेगळं, तिथे पत्ता निवडणाऱ्या तारेकडे बघायचं.

माझ्या मशीनवर मी दोन आठवडे चिपच बदलत होतो. शेवटी या मशीनवर पूर्वी फील्ड सर्व्हिस केलेल्या एका निवृत्त इंजिनिअरला विचारलं, त्यांनी बोर्डाचा फोटोसुद्धा मागितला नाही, म्हणाले चुकणारे सगळे पत्ते ऑक्टलमध्ये (० ते ७ याच आकड्यांत) कागदावर लिही आणि मला वाचून दाखव. मी वाचायला लागलो, ००३७, ०१३७, ०२३७, ०३३७, आणि पाचवा आकडा वाचायच्या आत ते म्हणाले, थांब, शेवटचे दोन आकडे सारखेच येतायत ना, म्हणजे ६४ पत्ते, म्हणजे एक तार, आता त्या एका तारेचे डायोड मोज. मोजले. बाकी सगळे डायोड मीटरवर ०.६ च्या आसपास आणि हा एक उघडा, काहीच दाखवत नाही. काचेचा, तांदळाच्या दाण्याएवढा. बदलला आणि ६४ च्या ६४ पत्ते परत आले, त्या रात्री मला झोप लागली नाही एवढा आनंद झाला होता.

तर तुम्हीही आधी पत्त्यांची यादी करा. आणि कोअरच्या जाळीला हात, ब्रश, हवेचा जोरदार झोत, काहीही लावू नका, तिथली तार तुटली तर मात्र खरंच कठीण आहे.

प्रश्न : प्रोग्रॅमची कागदी टेप नाही, ती वाचणारा टेलिटाइप (टाइपरायटरसारखं यंत्र) नाही. मशीन जिवंत आहे हे कळणार कसं?

स्विच आहेत ना, मग पुरे. ०२०० पत्ता लोड करा आणि ओळीने २२१०, ५२००, ७००१, ५२०० हे चार शब्द डिपॉझिट स्विचने आत टाका, पत्ता आपोआप पुढे सरकतो. मग ०२१० वर शून्य टाका. परत ०२०० लोड करून क्लिअर, कंटिन्यू हे स्विच दाबा, आणि पॅनलची फिरकी एसीवर (अॅक्युम्युलेटर, बेरीज जिथे साठते ती जागा) ठेवा. पहिले दोन शब्द वेळ काढतात, तिसरा अॅक्युम्युलेटरमध्ये एक मिळवतो, चौथा परत वर पाठवतो. उजवीकडचे दिवे लुकलुकताना दिसतील आणि सगळ्यात डावीकडचा अर्धा मिनिट बंद, अर्धा मिनिट चालू राहील. वेळ काढणारे ते दोन शब्द टाकले नाहीत तर मोजणी एवढी पळते की सगळेच दिवे नुसते मंद पेटलेले दिसतात आणि नवीन माणसाला वाटतं मशीन अडकलं.

हे चाललं की मग रिम लोडर (टेपवरून प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम), ७७५६ पासून १६ शब्द, तोही हातानेच. त्याने बिन हा मोठा लोडर आत येतो आणि बिनने बाकीच्या टेप, आधी मेनडेकच्या (डिजिटलच्या तपासणी प्रोग्रॅमच्या) टेस्ट टेप, खेळ नंतर. एएसआर-३३ टेलिटाइप सेकंदाला १० अक्षरं वाचतो, एका शब्दाला टेपवर भोकांच्या दोन ओळी लागतात, म्हणजे ४०९६ शब्द भरायला जवळपास १४ मिनिटं. टेलिटाइप नसेल तर लॅपटॉप जोडता येतो पण सरळ नाही, कारण टेलिटाइपची लाइन २० मिलिअँपिअरच्या करंट लूपवर चालते, मध्ये कन्व्हर्टर पाहिजेच.

प्रश्न : मला सर्किटचा नकाशा नीट वाचता येत नाही. जाणकारांना असले साधे प्रश्न विचारले तर चिडतील का?

माझा अनुभव उलटा आहे. १९६५ मध्ये पहिला पीडीपी-८ १८,५०० डॉलरला आला तेव्हा तो स्वस्त म्हणून गाजला, लॅबपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे गेला, त्यामुळे तो वापरलेली आणि दुरुस्त केलेली माणसं अजून भेटतात आणि त्यांना कोणी विचारलं तर बरंच वाटतं. फक्त 'चालत नाहीये' एवढंच विचारू नका. कुठल्या पिनवर किती व्होल्ट, काय अपेक्षित होतं, काय आलं, त्याआधी काय बदललं, हे लिहा. मोजायचं राहिलं असेल तर राहिलं म्हणून सांगा, अंदाजाने भरू नका, त्याने समोरचा माणूस चुकीच्या बोर्डावर आठवडाभर फिरतो. मला एकाने एक्स्टेंडर बोर्ड (ज्यावर बोर्ड स्लॉटबाहेर उभा करून मोजता येतो) चार महिने वापरायला दिला होता, ओळख नाही पाळख नाही, फक्त माझ्या वहीतली मोजमापं नीट दिसली म्हणून.

मॅन्युअल आणि नकाशे बिटसेव्हर्सच्या इंटरनेटवरच्या संग्रहात आहेत, अल कोसो यांनी स्कॅन करून ठेवलेला हा खजिना नसता तर आमच्यातले निम्मे लोक अडकून पडले असते. आणि खरं मशीन उघडण्याआधी सिमएच या सिम्युलेटरवर हात बसवा, डिजिटल कंपनीतच काम केलेल्या बॉब सुपनिक यांनी १९९३ पासून तो बांधत आणलाय. वरच्या प्रोग्रॅमचे चार शब्द तिथेही तसेच चालतात, आणि तिथे चुकलं तर काही जळत नाही.

तुमच्या पत्रात शेवटी ओझरता उल्लेख आहे की मशीनबरोबर कागदी टेपचा एक खोका आला, लेबलं पुसली गेलीयत. तो आधी बघा, मशीन नंतर. उन्हात ठेवू नका, गुंडाळी जोरात उलगडू नका, आणि टेलिटाइपच्या रीडरमधून ओढू नका, जुना कागद दात्यांवर फाटतो. भोकं प्रकाशाने वाचणारा रीडर ज्याच्याकडे आहे असा माणूस शोधून एकेक टेप वाचून घ्या आणि फाइल दोन-तीन जणांकडे ठेवा. कशावर काय आहे ते कळलं की मला नक्की लिहा.